रात्रीपुरती खानावळ

कुरुमे स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की आधी नजरेत भरतो एक टायर. खाणीतल्या अजस्र डंपरला लावतात तसला, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वर थोडा उरेल एवढा. ब्रिजस्टोन कंपनी १९३१ साली याच गावात निघाली, त्याची ही खूण. त्याच आवारात दुसरं स्मारक आहे ते रामेनच्या गाडीचं. ज्या गावाने जगाला टायर दिले त्या गावाने तेवढ्याच अभिमानाने एका हातगाडीचं शिल्प उभारावं, याची मला गंमत वाटली.

फुकुओकात संशोधन करणारी माझी मैत्रीण सोबत होती. "रात्री गाडीवर रामेन खायचं ना, मग दुपारी आधी कुरुमे," अशी तिची अट. फुकुओका शहर उत्तरेला समुद्रकाठी, कुरुमे तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटर आत, चिकुगो नदीच्या काठी. जपानच्या क्युशू बेटावरची ही सगळ्यांत लांब नदी. रामेनची वाट उगमापासून समुद्राकडे चालायची, असा तिचा बेत होता.

रामेन मूळचं चिनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात योकोहामा, नागासाकी अशी बंदरं परदेशी व्यापाराला खुली झाली आणि तिथल्या चिनी वस्त्यांमधून गव्हाच्या शेवया नि रस्सा जपानी माणसाच्या ताटात आला. १९१० साली तोक्योच्या आसाकुसा भागात राईराईकेन नावाचं दुकान निघालं आणि हा पदार्थ शहरी नोकरदारांचा झाला. पण तो रस्सा कोंबडीचा, सोया सॉसचा, पातळ नि तांबूस. क्युशूत मिळतं ते तोन्कोत्सु रामेन, म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्श्यातलं. त्याचा आरंभ कुरुमेतला: १९३७ साली 'नानकिन सेनर्यो' नावाची गाडी इथे लागली. गाडीवाला नागासाकीकडचा. तिकडच्या चांपोन या चिनी-जपानी पदार्थात डुकराच्या हाडांचा रस्सा असतोच. त्याने तो शेवयांवर ओतला. तेव्हाही रस्सा पारदर्शकच होता.

आज दिसतो तो दुधासारखा पांढरा रस्सा १९४७ सालचा, आणि तो झाला दुर्लक्षामुळे. 'सानक्यू' या गाडीचा मालक पातेलं आईवर सोपवून सामान आणायला गेला. परत येऊन बघतो तर आच मोठी राहिलेली, पातेलं खळखळतंय, रस्सा गढूळ. टाकून द्यायच्या आधी त्याने चव घेतली, आणि टाकून दिला नाही. घडतं असं की मंद आचेवर हाडांतली चरबी वर तरंगते आणि काढून टाकता येते. धडाक्याने उकळत ठेवलं तर ती बारीक थेंबांत फुटते, हाडांतून सुटलेलं जिलेटिन त्या थेंबांना धरून ठेवतं आणि सगळं एकजीव होऊन पांढरं दिसू लागतं. म्हणजे हे पाककौशल्याइतकंच इंधनाचं काम आहे. तासन् तास मोठी आच लागते.

कुरुमेतल्या जुन्या दुकानांत पातेलं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत. कालच्या रश्श्यात आजचा घालायचा, आजचा थोडा उद्यासाठी ठेवायचा. वास मात्र असा की दुकान दिसायच्या आधी गल्ली सांगते. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला तो सहन झाला नाही. "नाक मुरडू नकोस, दोन घोट जाऊ देत," मैत्रीण म्हणाली. ती मूळची सदाशिव पेठेतल्या शाकाहारी घरातली. इथे पहिली काही वर्षं तिने भात, तोफू आणि घरून आणलेल्या मेतकुटावर काढली आणि मग एके दिवशी, तिच्याच शब्दांत, "प्रयोगशाळेतल्या सगळ्यांबरोबर बसायचं होतं, म्हणून बसले." दोन घोटांनंतर वासाचं काही राहत नाही हे खरं. जिभेवर राहतो एक दाट, ओठ चिकटवणारा गुळगुळीतपणा.

परतीची गाडी चिकुगोच्या सपाट पट्टीतून जाते. मे संपत आला होता आणि दोन्ही बाजूंना गहू सोन्यासारखा पिकलेला. जपान म्हणजे भात, एवढंच डोक्यात असलेल्या मला ते अनपेक्षित होतं. इथे एकाच वावरात दोन पिकं निघतात. हिवाळ्यात गहू किंवा जव, तो जूनच्या तोंडावर कापायचा, लगेच पाणी भरायचं आणि भात लावायचा. जुन्या जपानी पंचांगी बोलीत या दिवसांना गव्हाचा शरद म्हणतात, कारण सगळी सृष्टी हिरवी असताना तेवढी शेतं पिवळी पडतात. फुकुओका प्रांत गव्हाच्या बाबतीत देशात आघाडीवर आहे. तरीही रामेनच्या शेवया पिढ्यान् पिढ्या परदेशी गव्हाच्या होत्या. युद्धानंतर अमेरिकेहून आलेल्या गव्हावरच तर हा पदार्थ देशभर पसरला. त्याची सल म्हणा किंवा हौस म्हणा, प्रांताच्या शेतकी खात्याने खास रामेनसाठी 'रा-मुगि' नावाचं गव्हाचं वाण काढलं.

शेवयांत गहू, पाणी, मीठ आणि चौथी गोष्ट कानसुई. हे क्षारयुक्त पाणी म्हणजे मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट. आपला पापडखार याच कुळातला. उडदाच्या पिठात तो जे करतो त्याचाच भाऊबंद परिणाम इथे गव्हात दिसतो: पीठ ताठ होतं, शेवईला चिवटपणा येतो आणि पिवळसर रंग चढतो. अंडं न घालता. ऐकून मैत्रिणीच्या आईने फोनवर म्हणे एवढंच विचारलं होतं, "मग लाटायला कोण बसतं?"

हाकाता स्टेशनावर उतरून आम्ही आधी जोतेन्जी या झेन मंदिरात गेलो. स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, ऑफिसच्या इमारतींच्या मागे. आवारात एक उभा दगड आहे, त्यावर कोरलंय की उदोन आणि सोबा या शेवयांचं जन्मस्थान हे. मंदिराचा संस्थापक एन्नी नावाचा भिक्षू. तो सुंग राजवटीतल्या चीनमध्ये शिकून १२४१ साली परतला आणि पाणचक्कीवर पीठ दळायचं तंत्र बरोबर घेऊन आला, अशी इथली परंपरा. जन्मस्थानाचे दावे जपानात गावोगाव आहेत, त्यामुळे दगडावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. भातखाऊ देशात पीठ आलं ते समुद्रावरून, आणि ते या बंदरात उतरलं. इथून बुसान शहर सुमारे दोनशे किलोमीटर. तोक्यो त्याच्या कितीतरी पट लांब. हाकाताच्या व्यापाऱ्यांचं तोंड शेकडो वर्षं कोरिया-चीनकडे होतं.

याच एन्नीने साथ हटवण्यासाठी खांद्यावरच्या पालखीतून गावभर पाणी शिंपडलं, आणि त्यातून जुलैतला यामाकासा उत्सव सुरू झाला असं सांगतात. दर वर्षी १ ते १५ जुलै. शेवटच्या पहाटे एकेक टनाचे रथ खांद्यावर घेऊन पुरुष मंडळी गावातून धावत सुटतात. या दिवसांत उत्सवातली माणसं काकडी खात नाहीत. काकडीची चकती कुशिदा देवळाच्या चिन्हासारखी दिसते, म्हणून. देवळात विचारलं तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चेहरा अगदी गंभीर ठेवून "सॅलडमधलीसुद्धा बाजूला काढतो" असं सांगितलं.

कावाबाता बाजाराच्या छपराखालून आम्ही नाका नदीकडे निघालो तेव्हा सहा वाजत आले होते. नदीच्या मधोमध नाकासु हे लांबट बेट आहे, क्युशूतली सर्वांत मोठी रात्रीची वस्ती. नदीकाठचा फरसबंद रस्ता दुपारी अगदी मोकळा असतो. आपण ज्या खानावळीत जेवणार ती तिथे नसतेच. मग कुठूनतरी एक बुटकं वाहन मागे लाकडी पेटारा ओढत येतं. पेटारा जागेवर लावला जातो. जागा ठरलेली असते, इंचाने हलत नाही. एक माणूस आडणा काढतो. छपराच्या दोन फळ्या बाहेर उघडतात, त्यांना टेकू लागतात. बाजूच्या फळ्या खाली येऊन जेवायचं टेबल होतं. आतून बाकं निघतात, बाकांच्या पोटातून बश्या. गॅसचा सिलिंडर, पाण्याचे डबे, काचेची बरणी, कंदील. सर्वांत शेवटी नोरेन, म्हणजे दुकान उघडं असल्याची खूण असलेला आखूड पडदा. रश्श्याचं भलंमोठं पातेलं दोघांनी धरून आत ठेवलं तेव्हा मला कळलं, हा स्वयंपाक इथे सुरू होत नाही. तो दिवसभर दुसरीकडे शिजतोय आणि फक्त शेवटचा अंक इथे होतो.

या गाड्यांना इथे यताई म्हणतात. नियमाप्रमाणे एका यताईची जागा तीन मीटर बाय अडीच मीटर. त्यात मालक, त्याचा मदतनीस आणि दहाएक गिऱ्हाइकं. गुडघ्याला गुडघा लागतो. मैत्रिणीने बसण्याआधीच आचारसंहिता सांगून टाकली: प्रत्येकाने निदान एक पदार्थ मागवायचा, गप्पा मारत तासन् तास बसायचं नाही, आणि इथे स्वच्छतागृह नसतं, तेव्हा आधीच काय ते उरकून यायचं. भाव फळ्यावर लिहिलेले असतात, ते नियमच आहे. कच्चा मासा विकायला मनाई. साशिमीच्या देशात समुद्रकाठच्या गाडीवर कच्चा मासा नाही, सगळं देण्याआधी तापवलेलं. आम्ही आधी मेन्ताइको घातलेलं अंड्याचं गुंडाळं घेतलं. तिखट मुरवलेली ही माशाची गाबोळी म्हणजे फुकुओकाची शान. तीही कोरियाहून आलेली. बुसानमध्ये जन्मलेल्या एका जपानी दुकानदाराने युद्धानंतर इथे परतल्यावर तिथल्या आठवणीतली चव जुळवली आणि १९४९ साली नाकासुतच विकायला सुरुवात केली.

हे परतणं समजून घेतल्याशिवाय यताई कळत नाहीत. १९४५च्या जूनमध्ये बाँबफेकीत शहराचा मध्यभाग जळाला. ऑगस्टमध्ये शरणागती आली आणि कोरिया, मांचुरिया, चीन इथे वसलेले जपानी लोक मायदेशी निघाले. एकट्या हाकाता बंदरात सुमारे १३ लाख ९० हजार माणसं उतरली. हातात बोचकं, राहायला घर नाही, नोकरी नाही. काहींना चिनी पद्धतीचा स्वयंपाक येत होता. लाकडाच्या चार फळ्या आणि सायकलची चाकं मिळाली की दुकान होत होतं. काळ्या बाजाराच्या कडेने गाड्या लागल्या. दोस्तराष्ट्रांच्या ताबा-प्रशासनाला त्या नको होत्या, पोलिसांना नको होत्या. बहुतेक जपानी शहरांनी पुढच्या काळात, विशेषतः १९६४च्या ऑलिंपिकच्या सुमारास, स्वच्छता आणि वाहतुकीच्या नावाखाली त्या हटवल्या. फुकुओकातल्या गाडीवाल्यांनी संघटना करून भांडून त्या राखल्या. १९६०च्या दशकात इथे चारशेहून जास्त यताई होत्या.

आता शंभराच्या आसपास. मला वाटलं होतं मॉल आणि महागाईने मारल्या असतील. मैत्रीण म्हणाली, "नाही गं, कागदाने." १९९०च्या दशकाच्या मध्यात पोलिसांनी धोरण जाहीर केलं: परवाना मूळ मालकापुरता, एका पिढीचा. अपवाद फक्त त्याच कमाईवर जगणाऱ्या जोडीदाराचा आणि पोटच्या मुलांचा. पदपथ अडतो, सांडपाणी गटारात जातं, शेजाऱ्यांना धूर, या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण उपाय असा की कोणी हाकलून द्यायचं नाही, फक्त म्हातारं होऊ द्यायचं. बुलडोझरपेक्षा हे सभ्य, आणि परिणाम तोच.

नाकासुच्या गाडीवर आमच्या शेजारी एक औषधकंपनीतले गृहस्थ होते, पलीकडे बुसानहून आलेल्या तीन मुली. त्या गृहस्थांनी आम्हाला न विचारता आमच्या पेल्यात बिअर ओतली आणि मग भारतात जेवताना रस्सा सुर्रकन ओढतात का, असं विचारलं. आमटी भुरकतात म्हटल्यावर ते फार खूश झाले. एरवी या देशात आगगाडीत शेजाऱ्याकडे कोणी मान वळवून बघत नाही. तीन मीटरच्या लांबीत मात्र ओळख टाळायची सोयच नसते.

पूल ओलांडला की तेन्जिन. नदीच्या पूर्वेला व्यापाऱ्यांचं हाकाता, पश्चिमेला सामुराईंचं फुकुओका. सतराव्या शतकाच्या आरंभी कुरोदा सरदाराने किल्ला बांधला आणि आपल्या पूर्वजांच्या गावाचं नाव त्याला दिलं. १८८९ साली दोन्ही मिळून एक शहर झालं. नाव कोणाचं, यावरून पुढच्याच वर्षी नगरसभेत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या एका मताने फुकुओका कायम राहिलं. स्टेशनाला मात्र हाकाता. रामेनलाही हाकाताच. व्यापाऱ्यांनी नाव गमावलं आणि खाणं राखलं, हा सौदा मला तरी वाईट वाटत नाही.

तेन्जिनमध्ये मोठ्या दुकानांच्या पायथ्याशी, बँकांच्या बंद दारांसमोर यताई लागतात. इथे पाहण्यासारखी गोष्ट खाली आहे. पदपथात झाकणं बसवलेली आहेत, त्यांच्या आत नळाची आणि सांडपाण्याची जोडणी. दिवसा लोक त्यावरून चालत जातात. पालिकेने गाडीसाठी जमिनीखाली पाणी आणून ठेवलंय, हे बघून मी तिथे वाकून उभी राहिले आणि मैत्रीण हसायला लागली. हा बदल २०१३च्या यताई अध्यादेशानंतरच्या विचाराचा. शहराने ठरवलं की या गाड्या म्हणजे निव्वळ उपद्रव नव्हे, शहराची ओळख आहे. पण मग नियमही पाळायचे: परवाना ज्याच्या नावावर त्यानेच उभं राहायचं, भाड्याने द्यायचा नाही. तोवर दुसऱ्याच्या नावावर गाडी चालवण्याचे प्रकार चालत होते, ते बंद केले. आणि रिकाम्या जागांसाठी खुले अर्ज मागवून निवड सुरू केली. पहिल्या तुकडीतले नवे गाडीवाले २०१७ साली उभे राहिले. त्यांत एक फ्रेंच माणूसही होता. तो गोगलगायी आणि सॉसेज विकतो, आणि त्याच्यासमोर जपानी म्हातारे रांगेत बसतात.

आपल्याकडे पथविक्रेता कायदा २०१४चा, म्हणजे जवळजवळ त्याच वेळचा. हेतूही तोच, उपजीविकेला संरक्षण. दादर किंवा ठाणे स्टेशनाबाहेर त्या कायद्याचं काय झालं ते वाचकाला माहीत आहे. इथे गाड्या शंभर आणि आपल्याकडे फेरीवाले लाखांनी, त्यामुळे सरळ तुलना अन्यायाची होईल. तरी नळाची ती झाकणं माझ्या डोक्यातून जात नव्हती. परवाना कागदावर देणं वेगळं आणि पाणी देणं वेगळं.

मध्यरात्र उलटल्यावर नागाहामाकडे चालत निघालो. समुद्राकडचा हा भाग, मोठमोठी शेडं, ट्रक, बर्फाचा आणि डिझेलचा वास. १९५५ साली घाऊक मासळीबाजार इथे आला आणि हाकाता रामेनचं आजचं रूप इथेच घडलं. मासळीच्या लिलावाला येणाऱ्या माणसाला वेळ नसतो. म्हणून शेवई बारीक, पटकन शिजणारी. पिठात पाणी तीस टक्क्यांहून कमी, त्यामुळे ती रस्सा झरझर पिते आणि तितक्याच झरझर मऊ पडते. मोठा वाडगा भरून दिला तर खाली पोचेपर्यंत लगदा. मग थोडीच द्यायची, आणि रस्सा शिल्लक ठेवून गिऱ्हाइकाने ओरडलं की नुसत्या शेवयांची दुसरी गुंडी टाकायची. याला काएदामा म्हणतात. ही पद्धत सुरू केल्याचं श्रेय देतात ते 'गान्सो नागाहामाया' या दुकानाला. तेही पन्नासच्या दशकात गाडी म्हणूनच सुरू झालेलं.

शेवई किती शिजवायची हेही गिऱ्हाईकच सांगतं. मऊ, साधी, कडक, बारिकाता म्हणजे फारच कडक, त्यापुढे तार, आणि त्याही पुढे 'पीठ झटकलेली', म्हणजे पाण्यात बुडवून वरचं पीठ धुतलं न धुतलं तोच बाहेर. हे शेवटचे प्रकार मला मर्दुमकीचे वाटतात. कच्च्या पिठाची चव लागते आणि पोट दुसऱ्या दिवशी हिशेब मागतं. कडक पुरे.

आम्ही त्याच 'नागाहामाया'त शिरलो. तिथे मेन्यू कार्डच नाही, कारण पदार्थ एकच. जुना कळकट उजेड, लांब टेबलं, त्यावर लाल आल्याचं लोणचं, पांढरे तीळ, मिरी आणि एक छोटी किटली. रस्सा इथे कुरुमेपेक्षा पातळ आणि खारट, वर मांसाचे बारीक तुकडे नि चिरलेली पात. आमच्यासमोर रबरी गमबूट घातलेले दोघे बसले होते. एकाने रस्सा न पिता शेवया तेवढ्या ओढल्या, मान वर न करता "काएदामा, कडक" म्हणाला, आणि वाडगा पुढे सरकवायच्या आत गुंडी त्यात पडली. मग त्याने ती किटली उचलून दोन धारा सोडल्या. शेवयांबरोबर आलेलं पाणी रस्सा पांचट करतं, म्हणून किटलीत खारट सोया मसाला ठेवलेला असतो. मीही दुसरी गुंडी मागितली आणि किटली जरा जास्तच वाकवली.

"आता उठ," मैत्रीण म्हणाली. दारात माणसं उभी होती. आम्ही नाणी ठेवून उठलो तोवर एक ट्रकवाला माझ्या जागेवर टेकला. त्याने काही मागवलं नाही. आतल्या बाईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि शेवया उकळत्या पाण्यात सोडल्या.